हॉस्पिटलमध्ये लागलेलं इन्फेक्शन आणि त्याचं बिल: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

पेशंटच्या नातेवाइकांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, बहुतेक वेळा रात्री आणि बहुतेक वेळा बिलाच्या फोटोसकट. म्हणून एकत्र करून ठेवलेत. इथलं वाचून कुठलंही औषध स्वतःहून बंद किंवा चालू करू नका प्लीज, डॉक्टरांना आणि बिलिंगवाल्यांना नेमकं काय विचारायचं ते कळावं एवढ्यासाठीच हे आहे.

१. हॉस्पिटलमधलं इन्फेक्शन म्हणजे नेमकं काय? बाबा आजारी होते म्हणूनच तर ॲडमिट केलं होतं ना?

ॲडमिट होताना जे नव्हतं, शरीरात दबा धरूनही बसलेलं नव्हतं, आणि साधारण ४८ तासांनंतर उगवलं ते हॉस्पिटलमधलं धरतात. बाबा हार्ट अटॅकसाठी ॲडमिट झाले आणि पाचव्या दिवशी न्यूमोनिया निघाला तर तो तिथला. खोकला-ताप घेऊनच आले आणि पहिल्याच रात्री एक्सरेत न्यूमोनिया दिसला तर तो घरून आलेला. ऑपरेशनच्या जखमेचा हिशोब वेगळा असतो, तिथे ३० दिवस मोजतात आणि आत सांधा, प्लेट, जाळी असं काही बसवलं असेल तर काही ऑपरेशनना ९० दिवस, म्हणजे घरी आल्यावर टाके पिकले तरी ते हॉस्पिटलच्याच खात्यात जातं. हे आकडे मोजणीच्या सोयीसाठी ठरवलेत, जंतू काही घड्याळ बघून येत नाहीत, त्यामुळे अपवाद आहेत (१५, १६ आणि १८ बघा).

२. हे किती जणांना होतं? की आपल्याकडेच अशी बोंब आहे?

सगळ्या जगात होतं, प्रमाण कमीजास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या रिपोर्टनुसार ॲडमिट झालेल्या दर १०० पेशंटपैकी श्रीमंत देशांत ७ आणि मध्यम-गरीब देशांत १५ जणांना निदान एक तरी इन्फेक्शन हॉस्पिटलमध्ये लागतं, आणि ज्यांना लागतं त्यांच्यातला साधारण दहावा माणूस दगावतो. अमेरिकेत कुठल्याही एका दिवशी मोजलं तर ३१ पैकी एका पेशंटला असतं. त्याच रिपोर्टमधली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे हात नीट स्वच्छ ठेवणं आणि बाकीच्या साध्या, स्वस्त गोष्टी पाळल्या तर यातली ७० टक्क्यांपर्यंत टाळता येतात. टाळता न येणारीही असतात हे तितकंच खरं, ते २० व्या प्रश्नात कामाला येईल.

३. हॉस्पिटल तर चकाचक होतं, फरशीत तोंड दिसत होतं. मग इन्फेक्शन आलं कुठून?

फरशीतून सहसा येत नाही हो. येतं हातांवरून आणि नळ्यांवरून. एका पेशंटची ड्रेसिंग केली, मध्येच मॉनिटरचं बटण दाबलं, आणि तसंच दुसऱ्याची सलाइन जोडली, एवढं पुरतं. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने हेच पकडलं होतं, शवविच्छेदन करून थेट बाळंतिणी तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि वॉर्डातलं मृत्यूचं प्रमाण एप्रिलमधल्या १८ टक्क्यांवरून काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आलं. तेव्हा त्याचं कोणी धड ऐकलं नाही, आणि आज हात धुवायचं सगळ्यांना माहीत असून एका सिस्टरकडे वीस पेशंट असले की काय होतं ते सरकारी वॉर्डात उभं राहून बघा. दोन खाटांच्या मध्ये गाद्या टाकलेल्या असतात, बेसिन वॉर्डाच्या टोकाला असतं. तिथे नुसतं "स्टाफ हात धूत नाही" म्हणणं मला पटत नाही.

बाकी खाटेचे कठडे, लॉकर, स्टेथोस्कोप, आणि हो, सगळ्यांचे मोबाइल, इथेही जंतू टिकतात. ऑपरेशन थिएटरमध्ये फॉर्मॅलिनची धुरी दिली म्हणजे सगळं निर्जंतुक झालं हा जुना समज आहे, ती आता रुटीनमध्ये करू नका असंच सांगतात.

४. आयसीयूतले डॉक्टर "लाइन सेप्सिस", "व्हॅप" असं काय काय म्हणतात, ते काय असतं?

मुख्य चार प्रकार. मानेत किंवा छातीत मोठ्या शिरेत घातलेली सेंट्रल लाइन, तिच्यातून रक्तात इन्फेक्शन गेलं की लाइन सेप्सिस. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला झालेला न्यूमोनिया म्हणजे व्हॅप. लघवीच्या नळीमुळे झालेलं युरिन इन्फेक्शन. आणि ऑपरेशनची जखम पिकणं. पहिल्या तिघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे, शरीरात एक नळी आहे आणि ती जितके दिवस आत तितका धोका रोज वाढतो. लघवीच्या नळीचं तर असं सांगतात की दर दिवसागणिक लघवीत जंतू दिसण्याची शक्यता ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. म्हणून नातेवाइकांनी राउंडला विचारायचा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच, की डॉक्टर, ही नळी आजही लागतेय का? रोज विचारा. चिडणार नाहीत, आणि चिडले तरी चालेल.

५. एका इन्फेक्शनने बिल इतकं कसं फुगतं? बिलात तर "इन्फेक्शन" असा शब्द कुठेच नाही.

बरोबर, तो शब्द बिलात कधीच नसतो, म्हणून तर माणूस बिल बघून चक्रावतो. इन्फेक्शनचा खर्च दहा ठिकाणी विखुरलेला असतो. सगळ्यात मोठा भाग म्हणजे वाढलेले दिवस. समजा (फक्त समजा, तुमच्या हॉस्पिटलचा रेट वेगळा असेल) आयसीयूचा एक दिवस सगळं धरून २५ हजारांना पडतो आणि इन्फेक्शनमुळे ८ दिवस जास्त राहावं लागलं, की २ लाख तिथेच झाले, अजून औषधाचा हिशोब सुरूही नाही. मग त्यावर भारी अँटिबायोटिक दिवसातून दोन-तीन वेळा, पुन्हा पुन्हा ब्लड कल्चर (रक्तात कुठला जंतू वाढतो ते बघायची तपासणी), सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन (इन्फेक्शनचा अंदाज देणाऱ्या रक्ताच्या तपासण्या), सीटी स्कॅन, नवीन लाइन घालायचे वेगळे, इन्फेक्शनच्या डॉक्टरांची व्हिजिट वेगळी, आयसोलेशन रूम असेल तर तिचा चार्ज, आणि ग्लोव्हज-गाऊनचा ढीग जो मेडिक्लेमवाले सहसा देत नाहीत. जखम पिकली असेल तर ती परत उघडून साफ करायचं ऑपरेशन, म्हणजे पुन्हा ओटी चार्ज, पुन्हा भूल.

अमेरिकेत हा हिशोब मांडलेला आहे. तिथल्या २०१३ मधल्या एका मोठ्या अभ्यासात पाच प्रकारच्या इन्फेक्शनचा वर्षाचा खर्च ९८० कोटी डॉलर निघाला आणि एका लाइन सेप्सिसमागे सरासरी ४५ हजार डॉलरच्या वर. गंमत बघा, त्याच यादीत लघवीच्या नळीचं इन्फेक्शन ९०० डॉलरच्याही आत होतं, म्हणजे सगळी इन्फेक्शनं सारखी नसतात. इंग्लंडच्या सरकारी हॉस्पिटलांत २०१६-१७ या एका वर्षात साडेसहा लाखांच्या वर इन्फेक्शनं आणि २१० कोटी पौंड खर्च असा अंदाज आला होता. हे आकडे रुपयांत बदलून आपल्याकडे लावू नका, तिथले पगार आणि रेट वेगळे. पण खर्चाची रचना तीच आहे, दिवस वाढतात आणि दिवसांबरोबर बाकी सगळं.

करायचं काय, तर रोजचं इंटरिम बिल मागा आणि कल्चर रिपोर्ट कुठल्या तारखेला आला ती तारीख त्यावर लिहून ठेवा. त्या तारखेच्या आधीचं आणि नंतरचं बिल शेजारी ठेवलं की कोणी सांगायची गरज राहत नाही.

६. "हायर अँटिबायोटिक लागेल" म्हणाले आणि औषधांचं बिल तिप्पट झालं. एवढी महाग का असतात?

कारण हॉस्पिटलमधले जंतू साध्या औषधांना दाद देत नाहीत. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास ही नावं कल्चरमध्ये दिसतील. आधी मेरोपेनम चालतं का बघतात, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) दरवर्षीच्या रिपोर्टमध्ये ॲसिनेटोबॅक्टरवर तेही बहुतेक वेळा चालत नाही असंच दिसतं. मग उरतं कोलिस्टिन, ते किडनीला त्रास देऊ शकतं, म्हणून रोज क्रिएटिनिन बघतात आणि काही पेशंटना डायलिसिस लागतं, म्हणजे आणखी एक बिल. किंवा सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टमसारखी नवीन औषधं, ती पुरेशी महाग आहेत. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात भारतात साधारण २ लाख ९७ हजार मृत्यू झाले असा अंदाज आहे, सगळे हॉस्पिटलमधले नव्हेत पण आयसीयू हा त्यातला मोठा अड्डा.

इथे एक विचारता येतं. कल्चरचा रिपोर्ट आल्यावर हलकं औषध चालणार असेल तर डॉक्टर औषध "खाली आणतात". रिपोर्ट आला की विचारा, आता काही कमी करता येईल का? आणि कंपनी बदलून स्वस्त ब्रँड मिळतो का हेही फार्मसीत बिनधास्त विचारा.

७. इन्फेक्शन हॉस्पिटलमुळे झालं ना, मग बिल आम्ही का भरायचं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा, आणि रागही रास्त आहे. आपल्याकडे असा सरसकट नियम नाही की हॉस्पिटलमध्ये इन्फेक्शन झालं तर वाढीव बिल हॉस्पिटलने सोसायचं. बिलिंगला भेटून, एमएस (मेडिकल सुपरिंटेंडेंट) किंवा सीईओपर्यंत जाऊन वाढीव दिवसांवर सूट मागता येते, परत ओटीत न्यावं लागलं असेल तर काही ठिकाणी सर्जन स्वतःची फी सोडतात. पण तो समजुतीचा मामला झाला, हक्काचा नाही.

अमेरिकेत ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअर या सरकारी विम्याने ठरवलं की लघवीच्या नळीचं इन्फेक्शन, लाइन सेप्सिस आणि काही ऑपरेशनमधली इन्फेक्शनं यांचे जादा पैसे हॉस्पिटलला द्यायचे नाहीत. ऐकायला एकदम भारी. पण २०१२ मध्ये तपासलं तेव्हा त्या नियमाने इन्फेक्शनच्या दरात मोजण्यासारखा फरक दिसला नाही. उलट मिशिगन राज्यात शंभरावर आयसीयूंनी सेंट्रल लाइन घालताना पाच गोष्टींची यादी धरली: हात धुणं, पेशंटला पूर्ण झाकणं, क्लोरहेक्सिडिनने त्वचा साफ करणं, शक्यतो जांघेतून लाइन न घालणं, गरज संपली की काढून टाकणं. आणि डॉक्टर यातलं काही चुकले तर सिस्टरला काम थांबवायचा अधिकार दिला. तिथला लाइन सेप्सिसचा सरासरी दर हजार लाइन-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाइन असली की एक लाइन-दिवस) ७.७ वरून दीड वर्षात १.४ वर आला.

भारतातल्या ५४ हॉस्पिटलांच्या २०० आयसीयूंमधून २०१७ ते २०२४ या काळात जमवलेला आकडा आहे हजार लाइन-दिवसांमागे जवळपास ९. म्हणजे मिशिगनवाले जिथून निघाले होते साधारण तिथे आपण आज आहोत, आणि ही तर मोजणी करणारी हॉस्पिटलं, जी मोजतच नाहीत त्यांचं काय ते वेगळंच. माझं मत विचाराल तर दंडापेक्षा आधी मोजणी हवी, आणि ती लोकांना दिसायला हवी. आत्ता बिल पेशंट भरतो आणि आकडा हॉस्पिटलच्या फाइलमध्ये राहतो. देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून गेला, आणि सुट्ट्या सुट्ट्या पेशंटचं हॉस्पिटलवर काही वजन पडत नाही.

८. मेडिक्लेम हे कव्हर करतं का?

साधारणपणे करतं, कॉम्प्लिकेशन हा त्याच ॲडमिशनचा भाग धरतात. अडतं ते दुसरीकडे. एक, सम इन्शुअर्ड म्हणजे पॉलिसीची एकूण रक्कम संपते, ३ लाखांची पॉलिसी असेल तर आयसीयूच्या दहा-बारा दिवसांत खलास. "रिस्टोर" (संपलेली रक्कम पुन्हा भरून मिळणं) आहे म्हणून निश्चिंत असाल तर पॉलिसी उघडून बघा, काही पॉलिसीत त्याच आजाराला ते चालत नाही. दोन, रूम रेंटची मर्यादा. मर्यादेपेक्षा भारी रूम घेतली तर डॉक्टर फी वगैरे सगळं त्या प्रमाणात कापतात, औषधं, तपासण्या, इम्प्लांट आणि आयसीयूचे चार्जेस यांना ही कात्री लावता येत नाही, लावली असेल तर भांडा. तीन, ग्लोव्हज-मास्कसारख्या न मिळणाऱ्या वस्तू, इन्फेक्शनमध्ये याच वाढतात. चार, टीपीएकडे (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणारी संस्था) वाढीव रकमेची मंजुरी वेळेवर गेली का ते रोज डेस्कवर विचारायचं, डिस्चार्जच्या दिवशी कळून उपयोग नाही.

घरी आल्यावरचं ड्रेसिंग, इंजेक्शनं, तपासण्या पोस्ट-हॉस्पिटलायझेशनमध्ये बसतात, बऱ्याच पॉलिसीत ६० किंवा ९० दिवस, बिलं जपून ठेवा. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद घेतात, एक वर्षाच्या आत जायचं. मुंबईत आणि पुण्यात ऑफिस आहे, गोव्याचं काम मुंबईकडेच.

९. फुले योजनेत किंवा आयुष्मानमध्ये असेल तर?

इथे गंमत उलटी होते. ऑपरेशनचं ठरलेलं पॅकेज असतं, त्यामुळे त्या पॅकेजमध्ये राहून इन्फेक्शन झालं तर वाढलेला खर्च बऱ्यापैकी हॉस्पिटलच्या अंगावर येतो, तुमच्याकडून वरचे पैसे मागायचे नाहीत. आयुष्मानमध्ये डिस्चार्जनंतरचे १५ दिवसही पॅकेजमध्ये धरलेले आहेत. कोणी "हे औषध योजनेत नाही, बाहेरून आणा" म्हणालं तर आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचा तिथला माणूस) गाठा आणि चिठ्ठी लेखी मागा, लेखी म्हटलं की बरीच औषधं अचानक योजनेत येतात. मेडिकल मॅनेजमेंटच्या, म्हणजे ऑपरेशनशिवायच्या केसेस मात्र दिवसावर चालतात, तिथे मुदतवाढीची मंजुरी लागते आणि कुटुंबाची ५ लाखांची मर्यादा दोन्ही योजनांत आहेच.

१०. पैसे संपलेत. पेशंट अजून आयसीयूत आहे. आत्ता काय करू?

आधी हॉस्पिटल ट्रस्टचं आहे का विचारा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजारांच्या आत हवं. हॉस्पिटलमधल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा, रेशन कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन. टाळाटाळ केली तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात तक्रार. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता कक्षाकडे अर्ज करायचा तर ट्रीटमेंट चालू असतानाच करा. सरकारी हॉस्पिटलला हलवायचं असेल तर तिथे व्हेंटिलेटर बेड आहे हे पक्कं झाल्याशिवाय ॲम्ब्युलन्समध्ये चढवू नका.

११. बिलाशिवाय आणखी काय जातं?

हे कुठल्याच अभ्यासात नीट येत नाही. एक माणूस आयसीयूच्या बाहेर सतरंजीवर, दुसरा डबे पोचवतोय, गावाकडचं असेल तर कोणीतरी पिकाची काढणी अर्धी टाकून आलेलं. रजा संपतात, मग बिनपगारी. सोनं गहाण जातं. पेशंट घरी आल्यावरही महिनोन् महिने अशक्त राहतो, सेप्सिसमधून (इन्फेक्शन अंगभर भिनून अवयव बिघडणं) उठलेल्यांना स्नायू गळणं, विसरायला होणं, झोप न लागणं हे होतं आणि घरचे म्हणतात आता बरा झालायस ना मग उठ की. फिजिओथेरपीचा खर्चही धरून चाला.

१२. नातेवाइकांनी काय पाळायचं? चप्पल बाहेर काढायला लावतात, अंगारा लावू देत नाहीत.

चपलेचं फार मनावर घेऊ नका, नियम आहे म्हणून काढा. हात महत्त्वाचे. आत जाताना आणि बाहेर येताना सॅनिटायझर २०-३० सेकंद चोळायचा, हात दिसायला खराब असतील तर साबण-पाणी ४०-६० सेकंद. पेशंटला जुलाब चालू असतील तर साबणच वापरा, सी. डिफिसिल नावाच्या जंतूवर सॅनिटायझर चालत नाही. पेशंटच्या खाटेवर बसू नका, सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका, लहान मुलांना आणू नका, लघवीची पिशवी उचलून पेशंटच्या पोटावर किंवा जमिनीवर ठेवू नका. अंगारा आणि तीर्थ याबद्दल एवढंच, की नळीवाल्या पेशंटच्या तोंडात तीर्थ घालू नका, श्वासात जाईल, आणि अंगारा लाइनच्या ड्रेसिंगजवळ नको. उशाशी पुडी ठेवायला सिस्टर सहसा नाही म्हणत नाहीत.

आणि सिस्टर किंवा डॉक्टर हात न धुता आले तर? "सिस्टर, सॅनिटायझर घेतलंत का?" एवढं हसून विचारा. आपल्याकडे हे बोलायला जड जातं, मान्य आहे.

१३. हॉस्पिटल निवडतानाच कळेल का तिथे इन्फेक्शन किती होतं?

आकडे बाहेर लावलेले क्वचितच दिसतात. विचारता मात्र येतं: इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे का, हॉस्पिटलचा लाइन सेप्सिसचा आणि जखमा पिकण्याचा दर किती? एनएबीएच (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारी संस्था) मान्यता असेल तर त्यांना हे मोजावंच लागतं. कोणी "आमच्याकडे शून्य" म्हणालं तर मला आनंदापेक्षा संशय येतो, मोठ्या आयसीयूत कायमचं शून्य म्हणजे बहुतेक मोजत नसावेत. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर आधी शुगर आटोक्यात आणा, तंबाखू-सिगरेट बंद करा, आणि ऑपरेशनच्या जागचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक कापे होतात, काढायचेच तर तिथे क्लिपरने काढतील.

१४. ऑपरेशननंतर सात दिवस अँटिबायोटिक घेतलं होतं, तरी टाके पिकले. कसं काय?

कारण जखमेचं इन्फेक्शन टाळणारा डोस हा चीर देण्याच्या आधीचा असतो, साधारण तासाभरात दिलेला. स्वच्छ ऑपरेशननंतर नुसतं खबरदारी म्हणून पुढे दिवसेंदिवस देत राहू नये असंच जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून सांगितलंय. तरी आपल्याकडे पाच दिवसांची गोळी हातात पडतेच, पेशंटलाही बरं वाटतं. आधीच इन्फेक्शन असलेल्या पोटाचं ऑपरेशन, उदाहरणार्थ फुटलेलं अपेंडिक्स, ही वेगळी गोष्ट, तिथे औषध लागतं.

१५. दुर्बिणीने पित्ताशय काढलं, सगळं मस्त होतं. दोन महिन्यांनी भोकाच्या जागी गाठ आली, पाणी येतंय. कल्चर "नो ग्रोथ".

हे खास आपल्याकडे बरंच दिसणारं प्रकरण आहे आणि ३० दिवसांच्या नियमातून निसटतं. क्षयाच्या जंतूचे काही चुलत भाऊ पाण्यात राहतात, दुर्बिणीची अवजारं दोन ऑपरेशनांच्या मध्ये ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकात थोडा वेळ बुडवून काढली की ते मरत नाहीत. तीन-चार आठवड्यांनी किंवा त्याहूनही उशिरा गाठ येते, नेहमीच्या कल्चरमध्ये दिसत नाही, नेहमीच्या अँटिबायोटिकने जात नाही. पस किंवा तुकडा मायकोबॅक्टेरियाच्या कल्चरला पाठवायला सांगा. साध्या टीबीची औषधं यावर सहसा चालत नाहीत, क्लॅरिथ्रोमायसिनसारखी वेगळी औषधं काही महिने घ्यावी लागतात, कधी तो भाग कापून काढावा लागतो. खर्च हळूहळू ठिबकतो म्हणून कोणी एकत्र मोजत नाही. त्याच हॉस्पिटलला कळवा नक्की, कारण तुमच्यासारखे आणखी असू शकतात.

१६. बाळ जन्मल्यापासून एनआयसीयूत (नवजात बाळांचा आयसीयू), दुसऱ्याच दिवशी सेप्सिस म्हणाले. ४८ तास तर झाले नव्हते, मग आईकडून आलं का?

आईला दोष द्यायची घाई नको. पहिल्या ७२ तासांतला सेप्सिस आईकडून येतो असं पुस्तकात असतं, पण दिल्लीतल्या तीन मोठ्या हॉस्पिटलांतल्या बाळांवरच्या अभ्यासात (२०१६) सगळ्यात जास्त सापडला तो ॲसिनेटोबॅक्टर, २२ टक्के, आणि लवकर आलेल्या सेप्सिसमध्येही हॉस्पिटलवालेच जंतू होते. लेबर रूम आणि एनआयसीयू हेही हॉस्पिटलच आहे. कमी वजनाच्या बाळाला आईचं दूध आणि कांगारू पद्धतीने छातीशी धरणं याने इन्फेक्शन कमी होतं, डॉक्टर हो म्हणतील तितक्या लवकर सुरू करा.

१७. कल्चरमध्ये क्लेबसिएला आला. म्हणजे पक्कं इन्फेक्शन, आणि पक्कं हॉस्पिटलचंच ना?

दोन्ही पक्कं नाही. लघवीच्या नळीत किंवा घशातल्या नळीत जंतू नुसते वस्तीला असू शकतात, ताप नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढल्या नाहीत तर बऱ्याचदा औषध लागत नाही, आणि उगाच दिलं तर पुढच्या वेळी चालेनासं होतं. रक्तात आला तर गंभीर. आणि औषधांना न जुमानणारे जंतू आता बाहेरही फिरतात, कोणी घरूनच आतड्यात घेऊन येतो.

१८. आधी तालुक्याला तीन दिवस, मग शहरात आणलं आणि दुसऱ्या दिवशी सेप्सिस. कोणाचं धरायचं?

मोजणीचा नियम असा की नव्या ठिकाणी आल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दिसलं तर आधीच्या हॉस्पिटलचं. प्रत्यक्षात दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून हलवताना रेफरल नोटवर कुठली नळी कुठल्या तारखेला घातली, कुठली अँटिबायोटिक किती दिवस झाली हे लिहून घ्या. कोविडसारख्या आजारात तर १४ दिवसांपर्यंत जंतू दबा धरू शकतो, तिथे आठवड्याच्या आत निघालं तर नक्की सांगणं अवघडच.

१९. मृत्यूचं कारण म्हणून "सेप्टिक शॉक" लिहिलंय. म्हणजे हॉस्पिटलमुळेच गेले?

नुसत्या त्या शब्दावरून नाही. सेप्सिस घरून आणलेल्या न्यूमोनियाचाही होतो, डायबेटिक पायाचाही. चार नंबरच्या फॉर्मवर (मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरांचा दाखला) पहिल्या ओळीत शेवटचं कारण आणि खालच्या ओळींत ते कशामुळे झालं हे लिहितात, खालची ओळ वाचा. तिथे काहीच नसेल तर केसपेपर मागवून कल्चरच्या तारखा बघा, पहिल्या प्रश्नातला हिशोब लावा. बिल थकलंय म्हणून बॉडी अडवून ठेवता येत नाही, मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत ते स्पष्ट आहे.

२०. केस करायचीय. जिंकू का?

इन्फेक्शन झालं एवढ्यावर नाही. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली, त्यामुळे दार उघडं आहे, पण सिद्ध करावं लागतं की वाजवी काळजी घेतली गेली नाही. जिथे एकाच दिवशी, एकाच थिएटरमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांत पू होतो तिथे प्रश्न उघड असतो, जानेवारी २०१९ मध्ये जोगेश्वरीच्या महापालिका हॉस्पिटलमध्ये असंच झालं होतं आणि काहींची दृष्टी गेली. एकट्या आयसीयू पेशंटचं सिद्ध करणं कठीण, शुगर, वय, किडनी सगळं समोर ठेवतात.

कागद आधी. केसपेपर लेखी अर्ज देऊन मागा, ७२ तासांत द्यावे लागतात. नर्सिंग चार्ट, लाइन घातल्याची नोंद, सगळे कल्चर. सर्वसाधारणपणे दोन वर्षांच्या आत तक्रार, दिलेले पैसे ५० लाखांपर्यंत असतील तर जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखांपर्यंत फी नाही. सगळ्यांनाच मोफत सेवा देणाऱ्या सरकारी हॉस्पिटलवर हा कायदा लागत नाही. हॉस्पिटलमध्ये तोडफोड केलीत तर मात्र महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे, केस तुमच्यावरच होईल.

२१. मी स्टाफ नर्स आहे, काल पेशंटची सुई टोचली. हेही यात येतं का?

येतं, स्टाफला कामावर लागलेलं इन्फेक्शनही यातच मोजतात. आत्ता वाचत असाल तर आधी जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि कॅज्युअल्टी गाठा. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी शक्यतो २ तासांत, ७२ तासांनंतर उपयोग नाही. हिपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण झालेत का, टायटर (लशीने पुरेशी प्रतिकारशक्ती आली का ते सांगणारी रक्ताची तपासणी) केलंय का ते बघा, सुईतून सगळ्यात सहज लागणारा तोच. घटना रजिस्टरमध्ये तारीख-वेळेसह लिहून घ्या, कॉन्ट्रॅक्टवर असाल तरी. सफाईच्या मावशींना पिवळ्या पिशवीतून सुई टोचली तरी अगदी हेच सगळं, फक्त त्यांना कोणी सांगत नाही, तुम्ही सांगा.